माझ्या हातचं पाणी

मी अकरा वर्षांची होते. मे महिना, आठवडी बाजार. मायनं गोणपाटावर सांबार मांडला होता. सांबार म्हणजे तुमच्याकडची कोथिंबीर. ऊन असं होतं की जुड्यांनी माना टाकल्या होत्या. शेजारी शांताबाईचं दुकान. ती घडीघडी डब्यात हात बुडवायची आणि भाजीवर पाणी मारायची. तिचा सांबार हिरवागार. आमचा मेलेला. मला वाटलं, माय विसरली. मी आमच्या पिण्याच्या कॅनमधून ओंजळभर पाणी घेतलं आणि जुड्यांवर शिंपडलं.

समोर एक बाई उभी होती. हातात आमचीच जुडी. तिनं ती टाकली. हात पदराला पुसले.

"पाणी मारलं काय वं पोरी ह्याले?"

"हो. आमच्या हिरीचं हाय. चांगलं हाय."

"राहू दे मंग."

आणि तिनं शांताबाईकडून जुडी घेतली. तीही ओलीच होती.

मायनं माझ्या कानाखाली वाजवली. भर बाजारात. मग ओल्या झालेल्या सगळ्या जुड्या उचलून बाजारात हिंडणाऱ्या गाईपुढं टाकल्या. गाईनं खाल्ल्या. गाईला चाललं.

घरी जाताना मी विचारलं, "माये, काहून मारलं?"

"गिऱ्हाइकाले चालत नाही."

एवढंच. कोणत्या गिऱ्हाइकाला, हे कोणी ठरवलं, काही नाही. नियम मला पुढं हळूहळू समजला. आमच्या हातची कोरडी भाजी चालते. ती घरी नेऊन धुता येते. आमचं पाणी लागलं की नाही चालत.

त्याला तीस वर्षं झाली. बाजार आता रोज भरतो आणि त्याच जागेवर मी बसते. गावाचं नाव लिहीत नाही. वाशीम जिल्ह्यातलं आहे, मंगरूळपीरहून एसटीनं येता येतं, इतकं पुरे. नाव लिहिलं की बाकीची गावं म्हणतील, बघा, तिकडं असं आहे, आमच्यात नाही. तेवढी सोय मी कोणाला करून देणार नाही.

आमची बौद्ध वस्ती नाल्यापलीकडे. आमचं दीड एकर वावर, स्वतःची विहीर. पहाटे तोडायचं, उजाडता बाजारात यायचं, ऊन तापायच्या आत विकून मोकळं व्हायचं. दहानंतर आमच्या जुड्या लोळागोळा. बाकीच्यांचा बाजार दिवे लागेपर्यंत. इतक्या वर्षांत तोंडावर कोणी काही बोललं नाही. "ताई, ताई" करतात. मुलगी काय शिकते विचारतात. आणि मी पाणी मारत नाही. कोणी सांगत नाही, तरी मारत नाही. कधीकधी वाटायचं, नियम कधीचा मेला असेल, मीच त्याचं मढं घेऊन बसले असेन. संशय हा माझा जुना आजार. पण करून बघायची हिंमत नव्हती.

मग ते चॅनेलचं प्रकरण झालं.

जिल्ह्यात एक केबल चॅनेल आहे. त्यावरचा निवेदक सकाळी बाजारभाव सांगतो, मधेमधे अक्कल पाजळतो. त्या दिवशी विषय निघाला उन्हाळ्यातल्या रोगांचा. कांद्याचे व्यापारी सलीमभाई मोबाइल घेऊन माझ्या दुकानाशी आले.

"ताई, हे आइका. तुमच्या वस्तीबद्दल बोलून राह्यला हा."

निवेदक हसत हसत म्हणत होता, "भाजी घेताना विचारा, कुठल्या वस्तीतली आहे. काही वस्त्यांची भाजी नालीच्या पाण्यावर असते. कितीही धुवा, निघत नाही. ती माणसंही तशीच." आणि त्याच्या बाजूची निवेदिका खुदकन हसली.

उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण माझ्या मनात पहिला विचार आला तो सलीमभाईचा. यानं मला का दाखवलं? माझं तोंड कसं होतं ते बघायला? मी म्हणाले, "बरं." ते म्हणाले, "बरं काय? तक्रार करा." मी जुड्या नीट करत राहिले.

दुपारपर्यंत ती फीत गावभर झाली. आणि दुसऱ्या दिवशी बाजारात गिऱ्हाईक निम्मं. निवेदकानं वस्तीचं नाव घेतलं नव्हतं, कोणाची भाजी कुठली ते लोकांना कळेना, त्यांनी सगळ्यांचीच भाजी सोडली. शांताबाईचा पालक संध्याकाळी तसाच. मग मात्र बाजार पेटला. भाजीविक्रेत्यांच्या संघटनेचे अध्यक्ष नानासाहेब, त्यांनी बाजार बंदची हाक दिली. मोर्चा निघाला. निवेदकाचा पुतळा केला, त्याच्या गळ्यात सडक्या वांग्यांची माळ घातली. शांताबाई आता सत्तरीची, पण पहिली चप्पल तिनंच मारली.

मला पुढं उभं केलं. "वस्तीतली बाई पुढं पाह्यजे," नाना म्हणाले. मी उभी राहिले. घोषणा दिल्या. सांगते ते खरं सांगते, छाती भरून आली होती. वाटलं, ही सगळी माझ्यासाठी ओरडतायत. तीस वर्षांचा संशय फुकट पोसला मी.

तहसीलसमोर एका पोरानं मोबाइल धरला आणि नानांची मुलाखत घेतली. मी त्यांच्या उजव्या हाताला, हातभर अंतरावर. नाना आवेशात होते. म्हणाले, "गिऱ्हाइकानं बिलकुल भेऊ नये. आमच्या बजारात भाजी एकदम शुद्ध हाय. त्या वस्तीवाल्याइच्या हातचं पाणी आमी आमच्या बजारात भाजीले लागूच देत नाही. पहिल्यापासून नियम हाय आमचा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना काहीच वाटलं नव्हतं. आपण गावाची अब्रू राखली असंच त्यांना वाटत होतं. शांताबाईनं टाळ्या वाजवल्या. ज्या हातानं पुतळ्याला चप्पल मारली त्याच हातानं. निवेदक बोलला ते आणि नाना बोलले ते, त्यात काय फरक होता, तो मला कोणी समजावून सांगावा. एकाला जोडे, एकाला टाळ्या.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मला रडू आलं नाही. उलट डोकं एकदम मोकळं झालं. म्हणजे नियम होता. माझ्या मनाचा खेळ नव्हता. मायनं मला मारलं ते कोणाच्या भीतीनं, ते आज माणसानं स्वतःच्या तोंडानं, कॅमेऱ्यासमोर, गर्वानं सांगितलं होतं.

मी थेट सलीमभाईच्या दुकानात गेले. त्यांच्याकडे आलेली ती मुलाखत माझ्या मोबाइलवर घ्यायला लावली. ते म्हणाले, "ताई, नाना असे बोलले हे मी आइकलं, पण माह्या ध्यानातच नाही आलं." त्यांच्या ध्यानात आलं नाही. यावर मी काय बोलणार? त्यांनी माझ्याकडून ओला सांबार घेतला असता की नाही, ते मी त्या दिवशी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

चार दिवसांनी निवेदक माफी मागायला आला. बाजारातच मांडव टाकला. त्यानं हात जोडले, "कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर" असं म्हणाला. दुखावल्या असतील तर! नानांनी मला हाक मारली.

"ये वं बाई इकडं. वस्तीच्या वतीनं तू सांग, माफ केलं म्हून. आन् गोष्ट मिटव. बजार सुरू करू."

माइक माझ्या हातात दिला. पहिल्यांदाच कोणी दिला असेल. बारावी शिकले, पण माइकवर कधी बोलले नव्हते.

मी म्हणाले, "ह्या साहेबानं माफी मागितली. नाना, तुमी कवा मागता?"

नाना हसले. "म्या काय केलं बाप्पा?"

मी मोबाइल माइकशी धरला आणि त्यांचं वाक्य त्यांना ऐकवलं. शब्द न् शब्द. माइकवर.

निवेदक खाली बघायला लागला. नाना पुढं आले, आवाज खाली आणून म्हणाले, "तो इषय वेगळा हाय. तो आपल्या घरातला हाय. आता कायले काढून राह्यली?"

"तोच इषय हाय," मी म्हणाले. "आन् म्या कोणालेच माफ नाही केलं."

माइक खाली ठेवला. माझ्या दुकानाशी गेले. माफीनंतर बाजार सुरू होणार, म्हणून सगळ्यांसारख्या मीही जुड्या आणून ठेवल्या होत्या. शांताबाईच्या डब्याला हात लावला नाही. माझ्या घरून आणलेली कळशी होती, आमच्या विहिरीची. सगळ्यांसमोर सगळ्या जुड्यांवर पाणी मारलं. भर दुपारी. त्या दिवशी एकही जुडी गेली नाही. एकही. मी त्या घरी आणल्या, आम्ही खाल्ल्या. माय म्हणाली, "कायले ओढवून घेतलं वं?" ती अजून माझ्याशी धड बोलत नाही.

पोलीस ठाण्यात तक्रार दिली आहे. निवेदकाच्या नावानं आणि नानांच्या नावानं, दोघांच्या. सोबत दोन्ही फिती. ठाणेदार म्हणाले, "त्या चॅनेलवाल्याचं ठेवा. नाना गावातले आहेत, त्यांचं काढून टाका." मी काढलं नाही. वस्तीतलेच दोघेजण येऊन म्हणाले, उद्या आपल्यालाच बाजारात बसू देणार नाहीत. त्यांनाही कोणी पाठवलं होतं का, मला माहीत नाही. मी चहा दिला आणि परत पाठवलं. शांताबाईनं दुकान दोन हात पलीकडे सरकवलं आहे.

आता मी संध्याकाळपर्यंत बसते. पाणी मारते. काही लोक घेतात, बरेच घेत नाहीत. जो न बोलता जुडी परत ठेवतो, त्याला मी जाऊ देत नाही. मोठ्यानं हाक मारते, "काहून ठेवली? तोंडानं सांगा." लोक इकडंतिकडं बघतात. कोणी म्हणतं, पैसे विसरलो. कोणी म्हणतं, उद्या नेतो. मी म्हणते, हे नाही, खरं ते सांगा. हा नियम इतकी वर्षं मुका होता, म्हणून जगला. यापुढं ज्याला तो पाळायचा आहे, त्यानं माझ्यासमोर उभं राहून, आपलं नाव सांगून, मोठ्यानं बोलून पाळायचा. मी रोज विचारणार आहे.