मान ऱ्हाईल न्हवं?

मंगलताईंनी आजवर किती बायकांच्या जटा कापल्या, हे त्या आता सांगत नाहीत. पूर्वी भाषणाची सुरुवातच त्या आकड्यानं व्हायची आणि टाळ्या विरेपर्यंत त्या थांबायच्या. आता कुणी विचारलं तर पदर सारखा करतात आणि दुसराच विषय काढतात.

कडेगाव तालुक्यातल्या एका ऊसवाल्या घरात त्या सून म्हणून आल्या. नवरा धनाजी फौजेत. थोरल्या जावेच्या केसांत बाळंतपणाच्या तापात गुंता झाला, तो कुणी सोडवला नाही, आणि सासूनं त्याला हळद लावली. हळद लागली की गुंत्याची जट होते. जट म्हणजे देवी आली. मग फणी बंद आणि डोक्यावरून पाणीही बंद. उवांनी आणि जखमांनी जाऊ रात्र रात्र विव्हळायची. एका दुपारी घरात कुणी नसताना मंगलताईंनी शिवणाच्या कात्रीनं ती जट कापून टाकली. घरातली माणसं दिवाळीपर्यंत त्यांच्याशी बोलली नाहीत. कोप मात्र झाला नाही. जाऊ पहिल्यांदा पोटभर झोपली.

पुढं साताऱ्याच्या एका अंधश्रद्धाविरोधी शिबिरात त्यांना कळलं, की आपण केलं त्याला चळवळीचं काम म्हणतात. सुट्टीवर आलेल्या धनाजीनं एवढंच विचारलं, “मी तिकडं शत्रूशी लढतोय, तू हिकडं देवाशी. मग भाकरी कोण थापणार?” आणि स्वतःच चुलीपुढं बसला. तेव्हापासून मंगलताई एसटीनं फिरत राहिल्या. जतपासून शिरवळपर्यंत, ऊसवाल्यांच्या घरांतून आणि मेंढपाळांच्या वस्त्यांवरून. जट भिजवायची, तेल मुरवायचं, लहान कात्रीनं मुळापासून एकेक पेड सोडवत आणायचा. कापलेल्या जटेला घरातलं कुणी शिवत नसे. मग ती पिशवीत घालून त्याच घेऊन जायच्या. एसटीत शेजारची बाई वासानं नाक मुरडायची, आणि मंगलताईंना मनातून मोठा अभिमान वाटायचा.

हरणाबाई आटपाडीच्या पलीकडच्या वस्तीवरची. घरची मेंढरं, आणि अलीकडं थोडं डाळिंब. तिची जट कमरेखाली गेली होती, दोरखंडासारखी जाड. तिच्या ओझ्यानं डोकं एका अंगाला कललं होतं. मंगलताई तिच्याकडं पुन्हा पुन्हा गेल्या. ती सगळं ऐकून घ्यायची, चहा द्यायची आणि नको म्हणायची. शेवटच्या खेपेला अंगणात वस्ती गोळा झाली होती, वर्तमानपत्राचा माणूसही आला होता. हरणाबाईनं एकच विचारलं, “मान ऱ्हाईल न्हवं, ताई?”

मंगलताईंनी तिच्या मानेवर तळहात ठेवला. “राहील की. अशी ताठ राहील, बघ.”

माणसं हसली. हरणाबाई हसली नाही, पण पाटावर बसली.

फोटो छान आला. एका बाजूला जट, दुसऱ्या बाजूला ताठ मानेची हरणाबाई.

पुढच्या उन्हाळ्यात साताऱ्याला मेळावा ठरला. तिथं हरणाबाईनं दोन शब्द बोलावेत म्हणून मंगलताई तिला न्यायला गेल्या. हरणाबाई दारात तांदूळ निवडत होती. डोक्यावर दाट केस आले होते, मोकळे, धुतलेले. डाव्या डोळ्याखाली निळं पडलं होतं आणि मनगटाला चिंधी बांधली होती.

पडलीस का, असं मंगलताईंनी विचारलं. विचारतानाच त्यांना उत्तर माहीत होतं.

हरणाबाई आवाज न चढवता सांगत गेली. नवरा नानासो आधीपासून पिणारा. पण जट होती तोवर पिऊन आला की उंबऱ्याबाहेरच आडवा व्हायचा. देवीच्या अंगाला हात लावायची त्याची टाप नव्हती. सासू पहिलं ताट तिला वाढायची. मंगळवारी, शुक्रवारी वस्तीवरच्या बायका पाया पडायला यायच्या, भांडणतंटा तिच्यापुढं मांडायच्या. जट गेली आणि आठवड्याभरात नानासोनं पहिल्यांदा हात उचलला. आता सासू तिला मागचं, उरलेलं वाढते.

“मी तुमास्नी इचारलं हुतं,” ती म्हणाली.

“काय विचारलं होतंस?”

“मान ऱ्हाईल न्हवं म्हून.”

मंगलताईंनी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. हरणाबाई ‘माजा मान’ म्हणाली असती तर त्यांना कळलं असतं. पण ती नुसतं मान म्हणाली होती, आणि मंगलताईंना फक्त दुखरी मान दिसली होती. तिनं आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रश्न विचारला, आणि त्यांनी चार माणसांत त्यावर हशा मिळवला. त्यांना आधी राग आला, नानासोचा. मग तोही टिकला नाही. अंगावरून कुणी शेणाचं पाणी ओतावं तशी लाज वरून खाली उतरत गेली. दुसऱ्या कुठल्या अंगणांत आपण असंच काही चुकीचं ऐकून आलो असू, हे त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी ते तिथंच दाबलं.

तोंडानं त्या कायद्याचं बोलू लागल्या. तक्रार करू, मी बरोबर येते, वाटल्यास सांगलीला राहायची सोय करते.

हरणाबाईनं ताटातला खडा वेचून बाजूला टाकला. “आवं ताई, पोलीस एक दिस येत्याल. देवी रोज हुती.”



“मग मी काय करू, तूच सांग.”

“त्येला सांगा, जट गेली तरी देवी हाय म्हून.”

“मी सांगू?”

“तुमीच. मी सांगितलं तर हसंल. तुमी देवीला न मानणाऱ्या. तुमी म्हटल्यावर त्येला खरं वाटंल.” आणि पुढचा खडा वेचत, “जट परत नगं मला. लय दुकायचं. फकस्त ह्येवडं सांगा.”

नानासो घरासमोरच्या लिंबाखाली आणखी दोघांबरोबर बसला होता. मंगलताईंना बघून उठला, टोपी सारखी केली. त्या आधी नेहमीचंच बोलल्या: बायकोला मारणं हा गुन्हा आहे, तुरुंग होतो. तो मान डोलवत राहिला. “व्हय ताई, चुकलं,” म्हणाला, आणि शेजारच्याकडं बघून ओठांतल्या ओठांत हसला. असं हसणं मंगलताईंनी फार वर्षं पाहिलं होतं.

त्यांनी मागं वळून पाहिलं. हरणाबाई ताट खाली ठेवून दारात उभी होती.

“नानासो, एक ऐक,” मंगलताई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. “कात्री माझी होती. जट मी कापली. देवी मला कापता आली नाही. ती हाय तिथंच हाय.”

नानासोचं हसू गेलं. बाकीचे दोघं उठून उभे राहिले.

“कोप हुईल व्हय?”

“तिला हात लावलास तर हुईल.”

तो पुढं आला आणि एकदम वाकला. पाया पडणाऱ्या बाईला मंगलताई वाटेतच धरायच्या; माणसानं माणसाच्या पाया पडू नये, असं समजावायच्या. त्यांनी नानासोला धरलं नाही. त्याची बोटं पायांना लागली. त्या हलल्या नाहीत. त्याचं पुरतं होईपर्यंत, दारातल्या बाईला नीट दिसेल अशा, त्या देवीच्या माणसासारख्या उभ्या राहिल्या.