नजरेआड ठेवलेली मादी

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. प्राणिशास्त्राची पदवी घेतली, लग्न करून अमिरातीत, अल ऐनला आले आणि शहराबाहेरच्या एका खासगी प्रजनन केंद्रात चित्त्यांच्या देखभालीला लागले. सासरची माणसं म्हणाली, "एवढं शिकून मांस कापायला?" हो, मांस कापायला. त्या कामाचा मला अभिमान होता, अजूनही आहे.

केंद्रात दोन नर होते, सख्खे भाऊ, आणि एक मादी. मध्ये फक्त जाळी. तिघंही लहानपणापासून दिवसभर एकमेकांना बघत आलेली. मालकाला पिल्लं हवी होती आणि मादी काही केल्या माजावर येत नव्हती. मधलं दार उघडून दिलं तरी नर तिच्याकडे वळून बघत नसत, आणि ती सावली शोधून पडून राही. डॉक्टरांची इंजेक्शनंही देऊन झाली.

आमचे सुपरवायझर रायगडकडचे. मी त्यांना भाऊ म्हणायची, ते मला ताई. डॉक्टरांशी ते इंग्रजीत बोलायचे, मालकाच्या माणसांशी अरबीत, कामगारांशी हिंदीत. मराठी फक्त माझ्याशी.

"भाऊ, ही तिघं आता भावंडं झालीत," मी एकदा म्हटलं. "रानात मादी एकटी फिरते. वेळ आली की नर भेटतो, मग तो त्याच्या वाटेने, ती तिच्या. आपण त्यांना सदानकदा समोरासमोर बसवलंय. कशी येईल माजावर?"

"मग काय, नवरीला माहेरी धाडायची?"

"धाडाच. पार पलीकडच्या टोकाला. नर तिला दिसायलाच नको. आणि माझी एक अट आहे. पिल्लं झाली तर ती आईपाशीच वाढवायची. आपली ही मादीसुद्धा बाटलीवर वाढलेली. माणसाच्या मांडीवर मोठं झालेलं जनावर माणसालाच आपलं समजतं, मग जोडीदार समोर आला तरी त्याला काही कळत नाही."

भाऊंनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "शब्द दिला, ताई. मालकांशी मी बोलतो. इन्शाल्ला, आईपाशीच वाढतील."

डॉक्टरांना विचारून घ्यावं, मालकाच्या माणसांकडून खात्री करावी, असं मनातही आलं नाही. परमुलखात आपल्या भाषेत दिलेल्या शब्दावर आपण सही मागत नाही.

मादी हलवली. उन्हाळा सरला. हवा निवळल्यावर सकाळी नरांना आत कोंडून मी मादीला त्यांच्या रिकाम्या आवारात सोडायची, तिचा वास वाळूत राहील इतकं हिंडू द्यायची आणि पुन्हा तिच्या टोकाला न्यायची. मग नर बाहेर. बहुतेक दिवशी ते वाळू हुंगून आडवे होत. कामगार मला चिडवायचे, "मॅडम, दूल्हा तो सो गया!"

एका सकाळी मोठा नर मात्र हुंगता हुंगता थबकला. त्याच्या घशातून तुटक, तोतरा आवाज येऊ लागला. माजावर आलेल्या मादीचा वास लागला की नर असा आवाज काढतो, असं मी पुस्तकात वाचलं होतं. तो ऐकला तो त्या दिवशी पहिल्यांदाच. मी धावतच सुटले.

"भाऊ, नवरदेव बोलला!"

"यल्ला, यल्ला, मादीला आणा!"

त्या दिवशी ती सावलीत गेली नाही.

तिला तीन पिल्लं झाली. मी कॅमेऱ्यावर बघत बसायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं, तरी ती त्यांना चाटायची, पोटाशी ओढून घ्यायची. मी घरी फोन करून आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "बाळंतिणीला नजर नको लावूस." पिल्लांचे डोळे उघडले आणि दुसऱ्या दिवशी कामावर पोचते तर गवत अंथरलेल्या पेटीत पिल्लं नाहीत. मादी कुंपणाच्या कडेकडेने धावत होती, हाका मारत होती. चित्त्याची हाक पाखराच्या चिवचिवीसारखी असते. एवढ्या मोठ्या जनावराच्या तोंडून ती ऐकवत नाही.

पिल्लं ऑफिसात सापडली, खोक्यात, टॉवेलवर. भाऊ बाटलीत दूध भरत होते.

"हे काय, भाऊ?"

"मालकांना माणसाळलेली हवीत. पाहुण्यांना दाखवायला."

"तुम्ही शब्द दिला होता."

"नसता दिला तर एवढा जीव ओतला असतास?" ते शांतपणे म्हणाले. "मालकांशी पहिल्यापासून हेच ठरलेलं. रागावू नकोस. तुझ्याच हाताने वाढव. तू शिकलेली आहेस."

शिकलेली! तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकून माझं डोकं फिरलं. "पुढच्या वेळी मी हात लावणार नाही. तुमची मादी तुम्हीच सांभाळा."

भाऊ चिडले नाहीत. बाटलीला निपल बसवत म्हणाले, "पद्धत आता सगळ्यांना पाठ झालीये, ताई. मादी लांब ठेवायची, नर बोलला की आणायची. खलास."

खोक्यातलं सगळ्यात लहान पिल्लू तोंड उघडून काहीतरी शोधत होतं. मी भाऊंच्या हातातून बाटली घेतली. राग भाऊंवर होता, पण भूक त्या पिल्लाची होती. ते पिऊ लागलं आणि पिता पिता माझ्या तोंडाकडे बघू लागलं. मी मान फिरवली. बाहेर त्याची आई अजून हाका मारत होती. पिल्लाने एकदा कान हलवला, मग माझ्या मनगटावर पंजा टेकवला आणि ते पुन्हा पिऊ लागलं.