न घासता निघालेली बाटली

औषधांच्या प्रयोगशाळेत मोठमोठे शिकलेले लोक असतात. त्यांची चरित्रं त्यांची त्यांनी लिहावीत. मी सांगतो ते मोरीवरच्या मामांचं. एकोणतीस वर्षं त्यांनी बाटल्या घासल्या. बोटं कायम सुरकुतलेली, आणि जीभ ब्रशाहून खरखरीत.

त्या वर्षी तिथल्या संशोधक मॅडमनी एक हट्टी औषध हाती घेतलं होतं. पाण्यात विरघळायचं नाव नाही. गिळलं तरी पोटातून तसंच पुढे. अंगी लागणार कसं? म्हणून त्या ते तऱ्हेतऱ्हेच्या तेलांत विरघळवून बघत. ती तेलं मामांच्या राशीला आली. काचेला अशी चिकटायची, की सासरी मुक्काम ठोकलेला जावई परवडला.

मामांना नवा ब्रश हवा होता. तीन अर्ज प्रयोगशाळेच्या साहेबांच्या केराच्या टोपलीत गेले, तेव्हा त्यांनी मोरीमागच्या भिंतीवर खडूने तेलांच्या चव्वेचाळीस बाटल्यांचे नंबर लिहिले. जितक्यांदा घासली, तितक्या रेघा. भिंत भरल्यावर साहेबांनाच बोलावून आणलं.

साहेबांनी चष्मा सावरला. "चव्वेचाळीस नंबरसमोर एकही रेघ नाही?"

"घासलीच नाही, साहेब."

"वा! न धुतलेल्या बाटलीत दुसरं औषध घालायचं? मामा, उद्यापासून घरी बसा."

 मामांच्या निवृत्तीला एकच वर्ष उरलं होतं. पण जीभ कुठे ऐकते?

"बसतो की. आधी ती घासावी लागेल अशी घाण करून दाखवा."

आवाज ऐकून मॅडम आल्या. चव्वेचाळीस नंबरचं तेल गढूळ दिसलं म्हणून त्यांनी न तपासताच टाकून दिलं होतं. टाकाऊच्या ट्रेमध्ये अजून चमचाभर होतं. मामांनी ते बाटलीत ओतलं आणि नळ सोडला.

तेल तरंगलं नाही. आपलं आपणच फुटलं, पांढरं धुकं होऊन पाण्यात पसरलं. मामांनी बाटली उपडी केली. काच लख्ख!

साहेब ती उजेडाकडे धरून डाग शोधत राहिले. मॅडम मोरीत वाहणाऱ्या धुक्याकडे बघत होत्या.

"मामा, पोटातही पाणीच असतं हो! तेल तिथे असं बारीक फुटलं, तर औषध अंगी लागेल. आधी का नाही बोललात?"

"मोरीवर येऊन विचारलं कोणी?"

चव्वेचाळीस नंबरची बाटली पुढच्या तपासणीला गेली, मामा मोरीवर राहिले. चौथा अर्ज मात्र साहेबांनी शेरा मारून परत पाठवला: 'चव्वेचाळीसला ब्रश लागत नाही.'

मामांनी खाली लिहिलं: 'बाकीच्या त्रेचाळीस पाठवतो. बाह्या वर करून बसा.'

ब्रश दुपारच्या आत आला.