गरम पाण्यात आई

वाशीला माझ्या घरून निघताना आईच्या पिशवीत टॉवेल, परकर आणि खोबरेल तेलाची बाटली सापडली, तेव्हाच मी तडकले होते. इंग्लंडला भावाकडे टॉवेल नाहीत का? पण ती पिशवी खास बाथ नावाच्या शहरासाठी होती. त्या शहरात गरम पाण्याचे झरे आहेत, हे मीच तिला उत्साहाने सांगून बसले होते.

आई उरणला मासळी विकते. दरवर्षी बाजारातल्या बायका टेम्पो करून वज्रेश्वरीच्या कुंडावर जातात आणि बसून बसून आखडलेले गुडघे मोकळे करून येतात. गरम झरा बघायचा नसतो, त्यात उतरायचं असतं, एवढं तिचं साधं गणित. माझ्या मोबाइलमध्ये मात्र यादी होती: रोमन स्नानगृह, चर्च, नदीवरचा पूल.

भाऊ कामावर गेल्यावर आम्ही दोघीच ट्रेनने बाथला गेलो. रोमन कुंडातल्या हिरव्या पाण्यातून वाफा निघत होत्या. इथे पूर्वी देवीचं देऊळ होतं, हे मी पाटीवरून वाचून दाखवलं, तर आई काठावर बसून चप्पल काढू लागली.

"आई, पाण्याला हात लावायला मनाई आहे."

"देवीचा कुंड हाय नि आंगोल नाय? मंग एवऱ्या लांब आनलंस कशाला?"

लोक बघत होते. मी तिला दंडाला धरून उठवलं. "इथे आपली इज्जत काढू नकोस," असंही बोलले. तिने चप्पल परत पायात सरकवली. मला स्वतःचीच चीड आली. अख्ख्या इंग्लंडात तिने एवढी एकच गोष्ट मागितली होती.

बाहेर चौकशी केली. जवळच्याच गल्लीत, एका इमारतीच्या गच्चीवर, त्याच झऱ्याच्या पाण्याचा तलाव होता. काउंटरवरची मुलगी म्हणाली, पोहण्याचाच पोशाख लागेल. साठी उलटलेल्या, जन्मभर लुगडं नेसलेल्या आईला मी हे भीतभीत सांगितलं.

"त्यात काय टेन्शन? घे इकत. मापाचा बग."

अंगभर काळा पोशाख घालून ती पायऱ्या उतरली आणि खाडीत पोहून वाढलेल्या त्या बाईने सरळ पाठीवर अंग टाकलं. मला पोहता येत नाही, मी कठडा धरून उभी. आजूबाजूचे लोक तिच्याकडे बघत राहिले. या वेळी मला ओरडून सांगावंसं वाटलं, माझी आई आहे ती!

"गुडघं सुटलं गो," ती म्हणाली.

वेळ संपल्याचं सांगायला मुलगी आली. चर्च राहिलं होतं, पूल राहिला होता. आई बाहेर यायला लागली.

"तू थांब तिथेच," मी म्हटलं आणि निथळत्या अंगाने काउंटरवर जाऊन अजून एक तास मागून आले.