तिसऱ्या कॅसेटचं टेन्शन

एखाद्या गोष्टीच्या मागे लागून बघा, ती मिळो न मिळो, किस्से मात्र ढिगानं मिळतात. आम्ही मागत होतो एक कॅसेट. ती काही येईना, आणि किस्से घरपोच! आता कुणाकडे चहाला गेलं तरी, "ए मंजू, तो बोंबलांचा सांग ना!" म्हणून म्हटलं, एकदाचे सगळे सांगूनच टाकते. आता सांगायला हरकत नाही. टेन्शन संपलंय!

तर 'धक्क्यावरचं घर' ही सिरियल. मी शाळेत होते तेव्हा टीव्हीवर लागायची. बंदरावरच्या एका गावात नवा मास्तर येतो, धक्क्यावरच्या घरातली शालू त्याला आवडते, आणि मग अख्खं गाव दोघांच्या मध्ये येतं. बस, एवढीच स्टोरी! पण ती लागली की आमच्या घरी कुकरची शिट्टीसुद्धा कुणाला ऐकू जायची नाही.

नंतर कितीतरी वर्षांनी एका कंपनीनं तिच्या व्हिडिओ कॅसेट काढल्या. पहिली आली, दुसरी आली. तिसरी, म्हणजे शेवटचे एपिसोड असलेली, येईचना! नेरुळला किशाच्या व्हिडिओ लायब्ररीत पोस्टर लागलं होतं, 'तिसरा भाग लवकरच'. ते पोस्टर उन्हानं पांढरं पडलं. शालूचा चेहरा गेला, मास्तर गेला, 'लवकरच' तेवढं राहिलं!

त्या पोस्टरखाली आमची गँग जमली. लायब्ररीवाला किशा. शेजारी पीसीओ चालवणाऱ्या शिरवण्याच्या भारतीताई. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पेडणेकर काका. मार्केटात माथाडीचं काम करणारे संपतराव, मूळचे साताऱ्याचे. आणि मी. काकांनी लगेच नाव ठेवलं, 'तिसरी कॅसेट कृती समिती'. काकांना समिती म्हटलं की जेवण नाही लागत.

*

बाकीच्यांना कॅसेट हवी होती हौसेसाठी. भारतीताईंचं तसं नव्हतं. ते असं.

ताईंचं माहेर मोरा बंदरावरचं. वडील होडी चालवायचे. सिरियलचा शेवटचा एपिसोड तिथेच शूट झाला, आणि मास्तरला घेऊन येणारी होडी होती ताईंच्या वडिलांची! टीव्हीत दिसणार म्हणून आयनं, म्हणजे ताईंच्या आईनं, त्यांना नवा शर्ट हातानं शिवून दिला. पिवळा. एक बटण कमी पडलं, तिथं हिरवं लावलं.

बापूस सकाळी शर्ट घालून गेले आणि संध्याकाळी शर्टाशिवाय परत आले!

"शर्ट कुटं?"

"हिरोचा भिजला. म्हनून माझा घातला त्यानं. मागायला लाज वाटली. टीव्हीत बगशील ना तू!"

आयला पटेना. शर्ट दारूच्या गुत्त्यावर गेला, हे तिचं ठाम मत. मग ज्या दिवशी तो एपिसोड लागणार, त्या दिवशी अख्खी वाडी एका टीव्हीसमोर बसलेली, आणि होडी दिसायच्या आत लाइट गेले! आले तेव्हा बातम्या चालू.

त्यानंतर बापूस होते तोवर, होळी असो की जत्रा, नवा कपडा घरात आला की आयचं ठरलेलं, "त्या शर्टाचा काय झाला?" आणि त्यांचं ठरलेलं, "टीव्हीत हाय!" हेच भांडण करत करत म्हातारा गेला.

आय आता ताईंकडेच असते. मी तिला विचारलं, "आय, खोटं बोलले असतील तर?"

"तर वर जाऊन भांडेन."

"आणि खरं बोलले असतील तर?"

आयनं पदर खोचला. मग म्हणाली, "तुमी कॅसेट आना आदी!"

*

काकांनी हा विषय थेट सोसायटीच्या मीटिंगमध्ये घेतला. आधी पाण्याचा विषय होता. टाकी, पंप, वरचा मजला, खालचा मजला. असं भांडण झालं की देशपांडे वहिनी खुर्ची घेऊन घरी निघून गेल्या. खुर्ची त्यांचीच होती! पाण्याचा ठराव काही झाला नाही.

मग काका उभे राहिले. "आता विषय 'धक्क्यावरचं घर'. तिसरी कॅसेट त्वरित यावी असा ठराव मांडतो."

अख्खी सोसायटी हात वर! विंगा-विंगांतली दुश्मनी खल्लास! देशपांडे वहिनींनी तर गॅलरीतून हात वर केला. "माझाही धरा हो!"

काका डोळे पुसत म्हणाले, "मंजू, माझ्या कारकिर्दीतला पहिला एकमतानं पास झालेला ठराव!"

*

संपतरावांचा मार्ग वेगळा. कांद्याच्या पोत्यांवर व्यापाऱ्याचा मार्का रंगानं मारतात ना, त्याच्या खाली त्यांनी त्याच ब्रशानं लिहायला घेतलं, 'धक्क्यावरचं घर, तिसरी कॅसेट काढा!' पोती निघाली गावोगाव!

दोन दिवसांत शेटच्या लक्षात आलं. शेटनी त्यांना गाळ्यावर बोलावून सगळ्यांसमोर झापलं. "कांदा माझा, पोतं माझं, आणि त्याच्यावर तुझी सिरियल? उद्यापासून येऊ नकोस!"

"चुकलं मालक. पुन्हा न्हाय."

संपतराव मान खाली घालून पायरी उतरले. तेवढ्यात मागून हळू आवाज, "ए संपत, इकडं ये. शालूचं लग्न शेवटी झालं का रे? माझी त्या दिवशी गाडी चुकली होती, मला बघायला मिळालं नाही."

"म्हाईत न्हाय मालक. कॅसेट आली की कळंल."

शेटनी इकडंतिकडं बघितलं. "ब्रश बारीक आहे तुझा. लांबून दिसत नाही. मोठा घे!"

*

मग किशाला खबर लागली, तळोज्याच्या एका फॅक्टरीतल्या सुपरवायझरकडे शेवटचा एपिसोड आहे! टीव्हीवर लागला तेव्हाच व्हीसीआरवर रेकॉर्ड केलेला. त्याचा भाऊ गल्फला, म्हणून त्या काळातही घरी व्हीसीआर.

रिक्षा करून गेलो. आय नवं लुगडं नेसून. सुपरवायझर भला माणूस, आम्हाला पोहे, चहा, सगळं केलं. कॅसेट लावली. धक्का दिसला, वारा सुटलाय, शालू कंदील घेऊन उभी. लांबून होडी येतेय... येतेय... ताईंनी माझा हात असा दाबला की बांगडी वाढवली!

आणि खर्रर्र! होडी गायब. पाटावर एक माणूस बसलाय आणि पाच बायका त्याला हळद फासतायत!

सुपरवायझरच्या बायकोनं टाळी वाजवली. "अय्या! आमच्या दादाची हळद! मी किती वर्षं शोधतेय!"

त्या बाईला इतका आनंद झाला होता की आम्हाला चिडताही येईना. पूर्ण हळद बघायला लागली. आय मात्र शांतपणे स्क्रीनकडे बघत होती. नवरदेव नीट बघून झाल्यावर म्हणाली, "ह्यो नाय तो शर्ट."

*

शेवटी थेट कंपनीच्या ऑफिसात गेलो. काकांनी टाय लावलेला. एसीत बसलेला मॅनेजर गोड बोलला. "कॅसेट काढणार आहोत. पण लांबी बसत नाही हो, थोडं छाटायला लागेल. शेवटी ती होडी आहे ना, फार वेळ चालते. कापून टाकू. तसंही काही घडत नाही त्यात."

ताई ताडकन उठल्या. "काय घडत नाय? माझा बापूस घडतो त्यात!"

मॅनेजरला काही कळेना. आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. शर्ट, बटण, गुत्ता, लाइट. त्याला आणखीनच कळेना.

ताई म्हणाल्या, "सायेब, कापायचाच हाय ना? मंग लगीन कापा! लगीन काय, कुटं पन होतात!"

"बघतो," मॅनेजर म्हणाला. बघतो म्हणजे काय ते आपल्याला माहीत असतं.  येताना बसमध्ये काकांनी टाय काढून खिशात ठेवला.

*

हा बोंबलांचा.

ताईंना घरी आल्यावर रुखरुख लागली. कुणाच्या दारी काम घेऊन जायचं तर रिकाम्या हातानं जायचं नाही, ही त्यांच्याकडची पद्धत. आणि आपण तर हात हलवत गेलो! "म्हनून काम झाला नाय," ताई म्हणाल्या. लगेच मोऱ्याहून चांगले खारवलेले, कडक वाळवलेले बोंबील मागवले, झकास पार्सल बांधलं, वर 'सायेबांना प्रेमानं' लिहिलं, आणि किशाच्या हाती पाठवून दिलं.

किशा पोचला शनिवारी दुपारी. ऑफिस बंद होत होतं. शिपायानं पार्सल घेतलं, मॅनेजरच्या टेबलावर ठेवलं आणि कुलूप लावलं. एसी बंद, खिडक्या बंद, रविवार अख्खा!

सोमवारी पीसीओवर फोन. मी तिथेच होते, मॅनेजरचा आवाज मलासुद्धा ऐकू येत होता. "ते पार्सल तुम्ही पाठवलंत?"

ताई खूश! "हां सायेब! पोचला ना? आवडला का? सुकट पन पाठवू? जवला हाय, बांगरा हाय, सांगा ना, लाजू नका! दर शनवारी पाठवीन, माझं काय जातंय!"

पलीकडे खिडकी उघडल्याचा आवाज. मग बारीक आवाज आला. "बाई, कॅसेट दिवाळीला काढतो. होडीचं बघतो. काही पाठवू नका. प्लीज."

ताईंनी फोन ठेवला. "बगलंस मंजू? हातात काय तरी घेऊन गेला की मानूस कसा नीट बोलतो!"

*

आणि दिवाळीत कॅसेट आली! खरंच आली!

किशानं खोका फोडला आणि त्याचं तोंडच उतरलं. मागच्या बाजूला छापलं होतं, 'संपादित आवृत्ती'. म्हणजे कापलीय! पण काय कापलंय?

"आयला सांगू नका," ताई म्हणाल्या. "किशा, आदी तू बघ. होडी नसंल तर मी सांगन, अजून आली नाय म्हनून." एवढं बोलून पीसीओत जाऊन बसल्या. समोर गिऱ्हाईक उभं, ताई मीटरकडे बघतच नाहीत.

किशानं शटर अर्धं ओढून कॅसेट पळवत पळवत बघितली. मी बाहेर नखं खात उभी. थोड्या वेळानं शटरखालून वाकून बाहेर आला तो ओरडतच, "ताई! लग्न गायब!"

"आन होडी?"

"आहे! लांबून येताना दिसली आणि मी बंद केलं. पुढचं आधी आयनं बघायचं!"

ताई मटकन स्टुलावर बसल्या आणि रडायला लागल्या. गिऱ्हाईक बिचारं घाबरून म्हणालं, "बाई, कुणी गेलं का?"

"नाय रे बाबा!" ताई हसत रडत म्हणाल्या. "येतोय!"

शेट मात्र अजून संपतरावांशी नीट बोलत नाहीत. "एवढी पोती रंगवलीस आणि लग्नच नाही?"

*

दुसऱ्या दिवशी दुपारी लायब्ररी बंद ठेवून आयला आणलं. पुढे खुर्ची. मागे आम्ही सगळे उभे. काकांनी अगरबत्ती लावली, का ते विचारू नका.

धक्का. वारा. शालूचा कंदील. लांबून होडी. होडी जवळ आली. वल्ही मारणारा माणूस, उघडे दंड, अंगात फाटकं बनियन.

"बापूस!" ताईंचा आवाज फुटला.

आणि त्यांच्या समोर मास्तर. अंगात पिवळा शर्ट, खांद्यावर ढगळ. मास्तर शालूकडे वळला, आणि बरोब्बर छातीवर हिरवं बटण!

संपतरावांनी तोंडात पंचा कोंबला. काका भिंतीकडे तोंड करून उभे.

आय उठली, टीव्हीजवळ गेली आणि काचेवर त्या बटणाला बोट लावलं. किशानं चटकन पॉज दाबला. चित्र थरथरत थांबलं. आय बघतच राहिली. मग बोट हळूहळू सरकवत मास्तरवरून पलीकडे नेलं, वल्ही धरून बसलेल्या म्हाताऱ्यापाशी. पदरानं तेवढीच काच पुसली.

आणि म्हणाली, "आन ह्यो बनेल कनचा घातलास? नवा पेटीत ठेवलेला ना मी!"