मास्तरांचं मनगट

शिंपीमास्तरांचं उजवं मनगट बाहेरच्या बाजूला कललेलं आहे. दुकानाच्या पायरीवरून घसरून मोडलं तेव्हा सहा आठवडे प्लास्टर ठेवायला सांगितलं होतं. पण एका नवरीचे कपडे कापायचे राहिले होते आणि प्लास्टरमुळे अंगठा काही कात्रीत शिरेना. तिसऱ्याच आठवड्यात त्यांनी बायकोकडून प्लास्टर कापून घेतलं, तेही दुकानातल्याच कात्रीने. कपडे वेळेवर गेले. हाड मात्र वाकडंच जुळलं.

पुढे महिनाभर एकेक सदरा असा निघे, की गिऱ्हाईक तिरकं उभं राहिलं तरच अंगावर नीट बसावा. मास्तर हट्टाला पेटले. हात सरळ होत नाही म्हटल्यावर त्यांनी टेबलच भिंतीपासून तिरकं ओढलं आणि स्वतः कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. कापड सरळ कापलं जाऊ लागलं. त्या टेबलावर दुसऱ्या कुणाला साधं फडकंही धड कापता येत नाही, याचा त्यांना कोण अभिमान!

अकरा वर्षं सुखात गेली. त्यांची, बायकोची नव्हे. हाड पुन्हा मोडून सरळ बसवता येतं, असं कुणीतरी तिला सांगितलं आणि तिने पिच्छाच पुरवला. मास्तर हिशेब मांडू लागले. तीन महिने हात बंद, त्यात हाड साठीतलं. नाही जुळलं तर कात्री कायमची सुटली. पण बायकोपुढे त्यांचं काही चालत नाही. गेले.

डॉक्टरीणबाईंनी मनगट फिरवून पाहिलं. "दुखतं?"

"नाही."

"काम अडतं?"

"कापड आणा, दाखवतो."

"मग कशाला मोडायचं? राहू द्या."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. बायकोचं तोंड मात्र उतरलं. जिना उतरताना ती म्हणाली, "तुम्ही सुटलात. मला रोज तो हात दिसतो. प्लास्टर मी कापलं होतं."

हे तिच्या मनाला इतकं लागलं असेल, हे मास्तरांच्या गावीही नव्हतं. त्यांना भरून आलं. "अगं, मीच तर मागे लागलो होतो. तू नाही म्हणाली असतीस, तर डाव्या हाताने कापलं असतं, दोन बोटांसकट. माझी काही तक्रार नाही. कधीच नव्हती."

"हे तेव्हाच म्हणायचं होतं."

खरंच होतं ते. तक्रार नाही, हे मास्तरांनी गिऱ्हाइकांना शंभरदा सांगितलं होतं. तिला एकदाही नाही. मग तिथेच जिन्यात थांबून त्यांनी ते पुन्हा सांगितलं, आणि ती हसेपर्यंत सांगत राहिले.