जाऊ बोट सोडेना

या सदरातले अनुभव मी आजवर फक्त टिंगल करायला वाचत आले. शाळेत केमिस्ट्री शिकवते, रस्त्यात लिंबू-मिरची दिसली की मुद्दाम ओलांडून जाते... आणि आज मीच लिहायला बसलेय. माझ्या धाकट्या जावेबद्दल. तिला रूपाली म्हणू, नावं बदललीत.

आम्ही नागपूरला, सक्करदऱ्यात एकत्र राहतो. मिस्टरांचं गांधीबागेत कापडाचं दुकान, दीर हिंगण्याला कंपनीत. रूपाली भिवापूरची. ऊन फारसं सोसत नाही, एवढं सोडलं तर साधी, हसरी मुलगी.

संक्रांतीला नागपुरात घरात कोणी सापडत नाही, सगळे गच्चीवर पतंग उडवत. तीन वर्षांपूर्वीची संक्रांत, भर दुपार, चारी बाजूंनी "ओ काट!"चा गोंगाट. माझी तेव्हा नऊ वर्षांची ईश्वरी चकरी धरून उभी होती. मांजा सर्रकन ओढला गेला आणि तिचं बोट कापलं, चांगलं खोल. मी पट्टी शोधतेय तोवर रूपालीने ते बोट तोंडात धरलं. यात काय, आपण सगळेच धरतो. पण तिने सोडलंच नाही! डोळे मिटलेले, गळा खालीवर होतोय... ती पीत होती.

"काय करून राहिली वं तू?" मी ओरडले.

तिने डोळे उघडले. त्यांत माझी ओळखच नव्हती. दुसऱ्या हाताने तिने कठडा इतका घट्ट धरला की नख तुटलं — आणि मग बोट सोडलं. बोटावर जखम नव्हती. कापल्याची रेघसुद्धा नाही!

माझं म्हणजे आधी हात, मग डोकं. दिली एक थोबाडीत. ती रडली नाही. ओठ पुसत म्हणाली, "मारा ताई. पण पोरीचं रक्त खराब लागलं मले. डाक्टरले दाखवा."

त्याच संध्याकाळी तिला माहेरी धाडलं. ईश्वरीची तपासणी केली ती निव्वळ रागाने, हिला खोटं पाडायला. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवलं. ब्लड कॅन्सर. अगदी सुरुवातीचा.

"लक्षण एकही नाही, मग तुम्ही टेस्ट करायला आलात कशा?"

मी रिपोर्ट पर्समध्ये कोंबला आणि उठले.

दुसऱ्या दिवशी भिवापूर गाठलं. रूपालीची आई अंगणात मिरचीचे देठ खुडत बसली होती. मी आधी तिचे पाय धरले, मग विचारलं.

"आमच्या घरच्या बायांत उतरते हे रक्त पिणं," ती म्हणाली. "पण अर्धंच. म्हणून भाकर बी खातो, उन्हात बी निघतो."

"आणि पूर्ण उतरलं असतं तर?"

तिचा हात थांबला नाही. "त पोरीले सोडलंच नसतं, बाई."

तरी रूपालीला घेऊनच परत आले, कारण तिच्यामुळेच माझ्या पोरीला वेळ मिळाला होता.

उपचार खूप लांबले. ईश्वरीचे केस गेले, पुन्हा आले. रूपालीने तिचं सगळं केलं, फक्त सुई टोचायच्या वेळी ती वॉर्डाबाहेर जायची. मागच्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, आता ही तपासणी चांगली आली की सुटलो. रिपोर्ट यायला वेळ होता आणि माझा जीव टांगणीला. शेवटी... मला वेडी म्हणा हवं तर... मीच ईश्वरीच्या बोटाला सुई टोचली आणि रूपालीपुढे धरलं.

"सांग वं. एकच थेंब."

ती झटक्यात मागे सरली, भिंतीला टेकली. "नका करू ताई! न्या तिले!" पळत खोलीत गेली, आतून कडी घातली.

"काहून वं? काय झालं?" मी दार बडवत होते. "अजून खराब आहे का?"

आतून रडण्याचा आवाज आला. "चांगलं झालं ताई. लई गोड वास येऊन राहिला. तवा खराब होतं, म्हणून सोडता आलं मले!"

ईश्वरीला छातीशी कवटाळून मी तिथेच खाली बसले. आनंदाने रडत होते की भीतीने, मला अजूनही सांगता येत नाही.

रिपोर्ट आला. क्लीन. हे सगळं काय होतं, याचं उत्तर ना माझ्या केमिस्ट्रीत आहे, ना डॉक्टरांकडे. ईश्वरी हल्ली रोज हट्ट करते, मला काकूजवळ झोपायचंय म्हणून.

मी अजून हो म्हटलेलं नाही.